बोर्डामागचे मामा

प्रत्येक बास्केटबॉल कोर्टाला दोन बोर्ड, दोन रिंगा आणि एक मामा असतो. बोर्ड-रिंगा नियमाप्रमाणे बसवून घ्याव्या लागतात. मामा आपले आपण येऊन बसतात.

देवळाली कॅम्पातल्या ज्या मामांबद्दल मी लिहितोय, त्यांचं कोर्ट कोणतं हे मात्र सांगणार नाही. कॅम्पात कोर्टं बरीच आहेत. शाळांची आहेत, लष्कराची आहेत, कॉलेजची आहेत. त्यांतल्या एका कोर्टाची एक रिंग डावीकडे किंचित झुकलेली आहे, एवढी खूण जाणकारांना पुरे. बाकीच्यांनी ती शोधत फिरू नये, मामा भेटतील.

मामा तिथले अधिकृत कोणी नाहीत. शिक्षक नाहीत, शिपाई नाहीत, माजी विद्यार्थी तर मुळीच नाहीत. जन्मभर 'मिलिटरीत सिव्हिलियन' होते, म्हणजे वर्दी नाही, पण रुबाब सगळा वर्दीचा. स्टोअरला होते. ब्लँकेटं, मग, मोजे मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे यात नोकरी सरली. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा कोर्टावर येऊन पोरांचे हुकलेले फ्री थ्रो मोजायला लागले. अंगात कोपरांवर ठिगळं असलेला हिरवा स्वेटर (ठिगळं फाटलं म्हणून लावलेली नाहीत, स्वेटर येतोच तसा, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात), डोक्याला कानटोपी, हातात स्टीलचा मग. जागा ठरलेली, बोर्डामागचा कट्टा. फ्री थ्रोच्या रेषेवर उभ्या राहिलेल्या पोराने रिंगकडे पाहिलं की रिंगच्या बरोब्बर खाली मामांची कानटोपी दिसते.

मी नाशिकच्या एका कॉलेजाकडून तिथे पाहुणा म्हणून खेळलोय. पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे निफाड, मनमाड, मालेगाव, कुठून कुठून टीमा यायच्या. सगळ्या टीमा परत जाताना एकच बोलायच्या, "माणसं फार चांगली हो तिथली. आपण हरलो कसे तेच कळत नाही."

मला कळलंय. माणसं चांगली होती म्हणूनच हरलो.

बाहेरची टीम बिचकते ती आरडाओरड्याला, असा सगळ्या जगाचा समज आहे. अमेरिकेत तर या समजावर इमारती उभ्या आहेत. कॅन्सस विद्यापीठाचं ॲलन फील्डहाउस 1955 सालचं, पंधरा हजारांवर माणसं बसतात. तिथे फेब्रुवारी 2017 मध्ये प्रेक्षकांनी 130.4 डेसिबल एवढा आवाज केला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. आत मोठा फलक टांगलाय, येणाऱ्यांनो, जपून राहा, अशा अर्थाचा. मी हे सगळं एकदा मामांना मोबाइलवर दाखवलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाहुण्यांना चहा दिला का कुणी?"

दिला नसावा, म्हणालो.

"मग घाबरतील कशाला? शिव्या घातल्या की माणूस चवताळून खेळतो. अशानं घरचेच हरायचे एखाद दिवशी."

मामांची पद्धत गेटपासून सुरू होते. टीम रिक्षातून उतरते न उतरते तोच मामा पुढे. "या, या. कुठून? निफाड? लांबून आलात हो. दमला असाल." तासाभराच्या प्रवासाने विशीतली पोरं दमत नसतात, पण एवढ्या वडीलधाऱ्या माणसाने एवढ्या काळजीने सांगितल्यावर दोघं-तिघं खरंच खाली बसतात. मग मामा टीमवरून नजर फिरवतात, स्टोअरमधली ब्लँकेटं मोजावी तशी. "मागच्या खेपेला तुमच्यात एक उंच मुलगा होता. तो नाही दिसत?"

"पास होऊन गेला मामा."

"पास झाला? अरेरे."

आणि गप्प बसतात. त्या 'अरेरे'ने आलेल्या बारा जणांची उंची दोन-दोन इंचांनी कमी होते.

पुढचं अस्त्र मिसळ. रिकाम्या पोटी खेळू नये, हे मामांचं ठाम मत, आणि ते फक्त पाहुण्यांना लागू आहे. घरच्या टीमला सकाळी दोन केळी. पाहुण्यांना शेजारच्या टपरीवरून मामांच्या खर्चाने मिसळ, वर पापड, बाजूला दही, आणि रस्सा संपत आला की मामा स्वतः उठून तर्री वाढून आणतात. "लाजू नका. नाशकात येऊन मिसळ नाही खाल्ली तर काय खाल्लं?" आम्ही तर नाशिकचेच होतो, जन्मभर मिसळच खात आलो होतो, तरी आम्हालाही हेच सांगितलं. नाही म्हणण्याची कोणाची टाप नव्हती. पहिल्या क्वार्टरला आमचा सेंटर रिबाउंडला उडाला आणि खाली आल्यावर बराच वेळ पोटावर हात ठेवून उभा होता. मामा कट्ट्यावरून म्हणाले, "सावकाश, राजा."

यात लबाडी कुठे दाखवता येत नाही, हीच पंचाईत. पैसे त्यांचे, मिसळ उत्तम, आपुलकी तर शंभर टक्के खरी.

सामना नऊचा असला तर अकराला सुरू होतो. रेषांना चुना मारायचा राहिलेला असतो, पंच सिन्नर फाट्यापर्यंत आलेले असतात. तेवढा वेळ मामा पाहुण्यांना गोष्ट सांगतात, आणि गोष्ट देवळालीचीच असते. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सोल्जरांचा इथे तळ असायचा. बोटी हिवाळ्यातच सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाच्या तोंडाशी संपली, त्याने पुढचे कित्येक महिने इथे नुसतं बसून काढायचे. बसून बसून माणसं भ्रमिष्ट व्हायची. डोकं फिरलेल्याला इंग्रजीत देवळालीवरून 'डूलॅली' म्हणतात ते अजूनही. "म्हणजे नुसतं वाट बघून हो," मामा मगातला शेवटचा घोट घेत म्हणतात. "दुसरं काही कारण नाही." मग घड्याळाकडे बघतात. "येतील आता पंच."

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम फार भीतिदायक समजतात. 1940 सालचं, नऊ हजारांच्या आसपास माणसं मावतात, म्हणजे त्यांच्या मानाने खोलीच. पण पोरं अगदी कोर्टाला खेटून उभी असतात. सामन्याआधी ती पाहुण्या खेळाडूंची खासगी माहिती काढून तिचे छापील कागद वाटतात, कोण कशात नापास झाला, कोणाचं कोणाशी बिनसलं, आणि मग त्यावरून ओरडतात. मामांना कागद लागत नाही. ते मोज्यांच्या जोडीला जोड लावावी तसं आडनाव विचारतात, मग गाव, मग आईचं माहेर. चौथ्या प्रश्नाला नातं निघतंच. नाशिक जिल्ह्यात दोन मराठी माणसांचं नातं निघालं नाही तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं समजावं. "म्हणजे तू आमच्या भगूरच्या वहिनींच्या भाच्याचा मुलगा! अरे, मग तू घरचाच." आता हा घरचा पोरगा कोर्टावर उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय असेल? ड्यूकला अनोळखी माणसं शिव्या देतात. त्या कानाआड करता येतात. इथे बोर्डामागे एक नातेवाईक बसलेला असतो, आणि त्याने लेअप हुकवला तर ते दिवाळीत त्याच्या आईच्या कानावर जाणार असतं.

कोर्टाची माहितीही मामा स्वतःहून देतात. एकही गोष्ट खोटी नसते. या बाजूची रिंग डावीकडे झुकली आहे. त्या बाजूचा बोर्ड मेलेला आहे, बॉल आपटून तिथेच पडतो. मधल्या वर्तुळाजवळ भेग आहे, ड्रिबल फसतो. थंडीत बॉल कमी उसळतो. दुपारी चारनंतर ऊन समोरून येतं. घरच्या पोरांना हे सगळं ठाऊक असतं, पण हातांना. त्यांना ते आठवावं लागत नाही. पाहुण्याला ते नुकतंच, प्रेमाने, क्रमवार सांगितलेलं असतं. तो बॉल घेऊन पळताना भेग शोधतो, भेग चुकवली की ऊन आठवतो, उडी मारताना डावीकडे की उजवीकडे याचा हिशेब घालतो. बास्केटबॉलमध्ये एवढा विचार करायला वेळ नसतो. चोवीस सेकंद असतात, त्यांतले आठ अर्धं कोर्ट ओलांडण्यात जातात.

पण मामांची खरी कमाई फ्री थ्रोला. अमेरिकेत पाहुणा फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की बोर्डामागची पोरं हातपाय झाडतात, बोंबलतात. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या पोरांनी 2013 पासून तिथे चक्क पडदा लावलाय. ऐन वेळी तो सरकतो आणि मागून काहीतरी अचाट सोंग निघतं. जानेवारी 2016 मध्ये त्या पडद्यामागून मायकल फेल्प्स निघाला होता, तोपर्यंत ऑलिंपिकची 18 सुवर्णपदकं जिंकलेला जलतरणपटू, अंगावर पोहण्याची चड्डी आणि गळ्यात पदकं. पाहुण्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. हा व्हिडिओ मामांनी दोनदा पाहिला. "जानेवारीत? उघडा?" ते म्हणाले. "घरचे काही बोलले नाहीत त्याला?"

कॅम्पात याच्या अगदी उलट चालतं. पाहुणा रेषेवर आला की मामा हात वर करतात. "गप रे पोरांनो. पाहुण्यांना त्रास नको." कट्ट्यावरची, भिंतीवरची, झाडावरची सगळी पोरं चिडीचूप. अशी शांतता की रेषेवरच्या पोराला स्वतःचा श्वास ऐकू यावा आणि तो बिचकावा. बॉल सोडायला पाच सेकंद. आणि नेमकी तेव्हा, वर्षातून एकदा-दोनदा का होईना, पलीकडे तोफ उडते.

स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीत आहे, फायरिंग रेंज आहे, दरवर्षी 'तोपची' नावाचं मोठं प्रात्यक्षिक होतं. सराव असला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. कॅम्पातलं तान्हं पोरसुद्धा त्या आवाजाने कूस बदलत नाही. मामा नुसत्या आवाजावरून तोफ सांगतात, 155 मिलिमीटरची की लहान, आणि कोणी खात्री करायला जात नसल्यामुळे ते नेहमी बरोबर असतात. मनमाडचा पॉइंट गार्ड मात्र त्या धडाक्याने जागच्या जागी वीतभर उडाला, बॉल हातातून सुटला.

"काही नाही, काही नाही," मामा बोर्डामागून म्हणाले, "आपलीच आहे."

पंच सज्जन. त्यांनी पोराला पुन्हा बॉल दिला. पोराने डोळे मिटले, श्वास घेतला, बॉल दोनदा टप्पा मारून उचलला.

"अजून एक येईल," मामांनी त्याला सावध केलं.

दुसरी आलीच नाही. पोरगा मात्र तिच्यासाठी थांबला, पाच सेकंद संपले आणि शिट्टी वाजली.

पंचांचाही विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये 2002 साली काही संशोधकांनी चाळीस फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातले प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी घरच्या टीमविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. म्हणजे आरडाओरड्याचा उपयोग होतो तो खेळाडूवर कमी आणि पंचावर जास्त, असं माझं मत झालंय. मामा पंचांवर ओरडत नाहीत. हाफ टाइमला चहा घेऊन जातात आणि गुडघ्याची चौकशी करतात. "अजून दुखतो का हो? मग एवढं पळू नका ना. तिकडच्या टोकाला पोहोचायला उशीर झाला तरी कोणी काही म्हणणार नाही." तिकडच्या टोकाला घरची टीम डिफेन्स करत असते.

मध्ये एकदा जुनं कोर्ट उखडून सिंथेटिक टाकायची, रिंग सरळ करायची टूम निघाली होती. सगळे खूश. मामांनी दोन दिवस जेवण गोड लागू दिलं नाही घरच्यांना. "सगळी कोर्टं सारखी झाली तर पाहुण्यांना सांगायचं काय?" मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं, आता वाटत नाही. लाकडी जमीन आणि छप्पर असलेल्या कोर्टावर मी नंतर पुष्कळ सामने पाहिले. ऊन नाही, वारा नाही, भेग नाही. तिथे जो चांगला खेळतो तोच जिंकतो. फार कंटाळवाणं असतं ते.

मामांना हा खेळ कोणी काढला हे मी एकदा सांगितलं. जेम्स नेस्मिथ म्हणून वाय.एम.सी.ए.तले एक शिक्षक होते, त्यांनी 1891 च्या डिसेंबरात थंडीत पोरांना आत काहीतरी खेळायला हवं म्हणून गॅलरीच्या कठड्याला फळांच्या टोपल्या टांगल्या. पुढे हेच गृहस्थ कॅन्ससला गेले आणि तिथल्या टीमचे पहिले कोच झाले. आजवरच्या कॅन्ससच्या कोचांमध्ये जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असा एकच आहे, तो म्हणजे नेस्मिथ: 55 जिंकले, 60 हरले.

मामा खूप वेळ विचार करत बसले. "सज्जन असणार," ते म्हणाले. "बोर्डामागे कोणी नसेल त्यांच्या."

एकदा मात्र मामा भेटले मामांना. मुंबईला एका निमंत्रित स्पर्धेत कॅम्पातली टीम गेली, सामना पडला नागपाड्याच्या पोरांशी, नागपाड्यातच. नागपाडा म्हणजे बास्केटबॉलचं माहेर. मस्तान वाय.एम.सी.ए., बच्चूखानचं मैदान, सगळीकडून दाटलेल्या इमारती. भारताचे कर्णधार राहिलेले अब्बास मुंतसीर तिथलेच. तिथे सामना बघणारा पानवालासुद्धा कोचपेक्षा जास्त जाणतो आणि तो ते कोचला ऐकवतो. मामा स्वखर्चाने आले होते, कानटोपी मुंबईच्या उकाड्यातही डोक्यावर. आल्या आल्या त्यांनी बोर्डामागची जागा हेरली. तिथे एक चाचा आधीच बसले होते.

चाचांनी सरकून जागा दिली. चहा मागवला, मलई मारके. मामांनी मग बाजूला ठेवला. दोन कसलेले पैलवान सलामी देतात तसे दोघं एकमेकांकडे बघून हसले.

"कहाँ से?" चाचांनी विचारलं.

"देवलाली."

चाचा एकदम उभे राहिले. मामांना वाटलं, ही काहीतरी नवी चाल. पण चाचांनी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांची बहीण लहानपणी छातीच्या आजाराने खंगली होती. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलं, तेव्हा मुंबईची माणसं जायची तशी तिला देवळालीच्या सॅनेटोरियमात ठेवली. खडखडीत बरी होऊन आली, नातवंडं खेळवतेय. "आपकी हवा ने बचाया उसको," चाचा म्हणाले, आणि पोराला हाक मारून सीख कबाब आणायला पाठवलं. मामा शाकाहारी आहेत हे कळल्यावर त्यांना इतकं वाईट वाटलं की जिलेबी, फालूदा आणि कुठून तरी पुरी-भाजी अशी तीन वेगवेगळी पोरं तीन दिशांना धावली.

पहिला क्वार्टर गेला बहिणीच्या तब्येतीत. दुसरा देवळालीच्या हवेत आणि दारणेच्या पाण्यात. मामा तोंड उघडायला जायचे आणि तोंडात जिलेबी यायची. समोर आपली पोरं मार खात होती, आणि ज्याच्या बहिणीला आपल्या हवेने वाचवलं त्याच्या टीमच्या पोराला "रिंग जरा डावीकडे आहे हं" कसं म्हणायचं? तिसऱ्या क्वार्टरला नागपाड्याच्या एका बुटक्याने लांबून थ्री पॉइंटर टाकला, बॉल नेटला न लागल्यासारखा आरपार गेला, आणि मामांनी टाळी वाजवली. कॅम्पाच्या बेंचवरच्या सगळ्या माना मागे वळल्या. कॅम्पातली टीम तीस पॉइंटांनी हरली.

परतीच्या गाडीत कोणी मामांशी बोलायला तयार नव्हतं. कसाऱ्याचा घाट लागला तेव्हा त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली.

"चाचांचा नंबर घेतलाय. जानेवारीत त्यांची टीम आपल्याकडे बोलवायची. तोपचीच्या वेळेला."

कप्तानाने मान वर केली.

"पण एक विचारायचं राहूनच गेलं," मामा म्हणाले. "सकाळी सकाळी मिसळ चालत असेल ना रे त्यांना? तर्रीवाली?"